वाकताना तोंडातून आपोआप 'आई गं' निघतं का तुमच्या? (किस्से टाका, औषधं नकोत)

वाकडी_वाट
नमस्कार मंडळी. गंभीर धागे बरेच झाले, हा जरा हलका घ्या. विषय असा की पन्नाशीच्या पुढेमागे शरीर आपल्याला न विचारता परस्पर निर्णय घ्यायला लागतं आणि त्याची बातमी आपल्याला सगळ्यात शेवटी लागते. आता हेच बघा, खाली पडलेलं पेन उचलायचंय तर मी आधी पेनकडे बघते, मग अजून काय काय पडलंय ते बघते, कारण एकदा खाली जायचंच आहे तर सगळं एका फेरीत उरकून यावं, आणि मग जाताना 'हंऽऽ' आणि येताना 'आई गं'. दुखत काहीच नसतं हो! आवाज आपला आपण येतो, आणि खरी गंमत म्हणजे मला तो ऐकूच येत नव्हता, मैत्रिणीने सांगितलं तेव्हा कळलं.

आमचा शाळेपासूनचा चौघींचा ग्रुप आहे. पूर्वी भेटलो की मुलं, नोकरी, कोण कुणाशी बोलत नाही वगैरे. आता भेटल्या भेटल्या आधी आरोग्य-बातम्या, गुडघा, पाठ, झोप, पोट, बहुधा याच क्रमाने. शेवटी एकीने नियम काढला, प्रत्येकीला कुरकुरायला पाच मिनिटं, मोबाईलवर टायमर, टायमर वाजला की विषय बंद. नियम चांगला होता. पण टायमरचा तो बारीक पिंपिं आवाज आमच्यातल्या दोघींना ऐकूच येत नाही आणि नेमक्या त्याच दोघींना सगळ्यात जास्त बोलायचं असतं, त्यामुळे नियम कागदावरच राहिला.

मला वाटतं ते एवढंच, की हीच गोष्ट एकटीने आरशात बघितली तर घशात आवंढा येतो आणि मैत्रिणींना सांगितली तर हसून हसून पोट दुखतं. तर मंडळी, होऊ द्या सुरू.

झोपमोड
पहिला नंबर माझा!! भारी धागा.
माझा विषय आयडीवरून कळला असेलच. रात्री दोनला एकदा, चारला एकदा, हजेरी ठरलेली. वयाबरोबर गाढ झोप कमी होते, शरीराचं घड्याळ पुढे सरकतं म्हणजे लवकर झोप आणि लवकर जाग, आणि रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून जो हार्मोन असतो तोही ढिला पडतो, वर पुरुषांना प्रोस्टेटचं लचांड वेगळंच. हे सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं, तपासण्या झाल्या, काळजीचं काही नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. माझा एक जुना दोस्त आहे त्याची पण सेम परिस्थिती. एकदा रात्री मला तो ऑनलाइन दिसला, मी लिहिलं 'तू पण?' तो म्हणाला 'मी पण'. तेव्हापासून आमचं मोबाईलवर बुद्धिबळ सुरू आहे. एक फेरी, एक चाल, ठरलेलं. दिवसा कुणी हात लावायचा नाही. डाव संपायला महिना लागतो पण घाई कुणाला आहे? प्रोस्टेट वाढल्यापासून माझा खेळ बराच सुधारलाय.

खारूताई
@झोपमोड, 'एक फेरी, एक चाल' वाचून एवढ्या जोरात हसले की घरचे बघायला आले :))))

कानोसा
टायमरवरून आठवलं. त्या दोघींना म्हणावं कान तपासून घ्या. वय वाढलं की आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात, आतल्या कानातल्या केसासारख्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. आता भाषेत गंमत अशी आहे की स्वर खालच्या पट्टीत असतात आणि स, श, फ, त असली व्यंजनं वरच्या. त्यामुळे माणूस बोलतोय हे व्यवस्थित कळतं, काय बोलतोय ते कळत नाही! आणि समोरचा ओरडला तर नुसते स्वरच मोठे होतात, उपयोग शून्य. म्हणून ओरडू नका, समोर या, तोंड दिसू द्या, सावकाश बोला.

किस्सा सांगतो. मित्राचा फोन, म्हणाला 'अरे कालपासून घरात ताप आहे.' मला ऐकू आलं 'साप आहे'.
मी म्हटलं, बापरे, खोलीचं दार लावून घे आधी.
तो म्हणाला, हो वेगळ्याच खोलीत ठेवलंय.
मी: तू ठेवलंस?? हाताने??
तो: मग काय, उचलून नेलं, चालवत नव्हतं त्याला.
मी: अरे सर्पमित्राला बोलाव!
तो: डॉक्टर येऊन गेले, विश्रांती घ्या म्हणाले.
मी गाडी काढून निघालोच होतो, मागे काठी टाकलेली. दारात पोचलो तर नातू पांघरुणात, मला बघून म्हणतो आजोबा काठी कशाला? मित्र आजही चारचौघांत ओळख करून देताना 'हे आमचे गारुडी' असंच म्हणतो. नंतर मशीन लावलं कानाला. आता सगळं ऐकू येतं, त्यात माझ्याबद्दल काय काय बोलतात तेही आलं, म्हणून अधूनमधून मुद्दाम काढून ठेवतो.

टिकटिक
गारुडी =)) मेलो.
कानांचा विषय निघालाच आहे तर विचारतो, वयाबरोबर कान मोठे होतात हे खरं आहे. थट्टा नाही करत. हीथकोट नावाच्या इंग्लंडमधल्या एका फॅमिली डॉक्टरांनी साथीदारांना घेऊन तिशीपुढच्या २०६ पेशंटचे कान चक्क पट्टीने मोजले आणि १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं, वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर. म्हणजे पन्नास वर्षांत सेंटिमीटरभर. पुढे २०१७ ला त्यांना इग नोबेल मिळालं, ते नाही का, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते.

म्हणजे निसर्गाचा न्याय बघा, ऐकू कमी येणार आणि कान मोठे होणार. आणि त्या मोठ्या कानावर केस पण उगवणार. डोक्यावरचे जातात ते तिकडे शिफ्ट होतात अशी माझी थिअरी आहे (शास्त्रीय आधार नाही, हार्मोनमुळे होतं म्हणतात).

मीच_ती
पुरुषांचे कान आणि प्रोस्टेट झालं असेल तर आता बायकांचं बोलू का? कुणीतरी बोलायला हवं, नाहीतर सगळ्या नुसत्याच +१ देत बसतील.

हसताना, शिंकताना, खोकताना. कळलं ना? ज्यांना कळलं त्यांनी मान डोलवा. आमच्या ग्रुपमध्ये नियम आहे की विनोद सांगायच्या आधी सूचना द्यायची. 'मी आता हसवणार आहे' असं म्हटलं की सगळ्या आपापल्या जागी पायाला पाय आवळून बसतात, मग मान हलवून परवानगी देतात, मग विनोद. आणि त्या तयारीकडे बघूनच एवढं हसू येतं की विनोद बाजूलाच राहतो आणि व्हायचं ते होतंच.

हे पहिल्यांदा बोललं कसं गेलं ते सांगते. आमच्यातली एक जण भेटीला येणंच टाळायला लागली, काहीतरी कारणं, कामं, पाहुणे. आम्हाला वाटलं रागावली. शेवटी एक दिवस तिच्या घरी जाऊन धडकलो तर खूप आढेवेढे घेऊन म्हणाली, प्रवासात पंचाईत होते गं. दोन सेकंद शांतता आणि मग दुसरी म्हणाली, 'अगं मी तर वर्षभर काळ्या सलवारीशिवाय बाहेर पडले नाहीये.' तिसरी म्हणाली, 'मला वाटलं तुला काळा रंग आवडायला लागला!' वर्षभर सगळ्या एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होतो.

आणि वाकडी_वाट, तुम्ही औषधं नकोत म्हणालात तरी हे सांगणारच, 'वय झालं, चालायचंच' म्हणून सोडून देऊ नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, कीगल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडले म्हणून त्यांचंच नाव पडलंय. फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, कारण बऱ्याच जणी भलतेच स्नायू आवळत बसतात. आमच्यातल्या तिघींना चांगला फरक पडलाय. चौथी म्हणते मला आळस येतो, ती काळ्या सलवारीतच.

खारूताई
@मीच_ती मान डोलावली. जोरात.

बिनधास्त
मी इथे वयाने लहान, बत्तीस. धागा वाचून लय हसतोय. आमच्या आईचं पण हेच, सोफ्यावरून उठायच्या आधी ती तीन वेळा पुढे-मागे झोके घेते आणि चौथ्याला उठते. मी मागून 'एक, दोन, तीन, उड्डाण' असं म्हणतो. परवा मात्र चिडली, दोन दिवस बोलली नाही. मग तुमच्या मैत्रिणी म्हणाल्या तर हसू आणि मी म्हटलं तर राग, हे काय लॉजिक?

निवांत
@बिनधास्त, लॉजिक सोपं आहे, तुझे गुडघे वाजत नाहीत. ज्याचे वाजतात त्यानेच हसायचं.

कानोसा
निवांत यांच्याशी थोडा असहमत. माझा नातू हसतो, मला आवडतं. पण तो माझ्यासमोर हसतो, मागून नाही. आणि कुठला दिवस आहे तेही बघावं लागतं. दुखतंय त्या दिवशी नको.

वाकडी_वाट
मला दोन्ही पटतंय. मैत्रीण हसते तेव्हा त्यात 'माझं पण' असतं. मुलगा हसतो तेव्हा त्यात 'तुझं' असतं. @बिनधास्त, आई स्वतः आधी हसली तर तू हस, आणि 'उड्डाण' म्हणण्यापेक्षा उठून हात दे. ते झोके पाय दुखतात म्हणून नसतात, मांड्यांची ताकद कमी झालेली असते म्हणून. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतच असतात. तुझीही सुरुवात झालीय बरं का राजा.

टिकटिक
ताकदीवरून. अमेरिकेत १९९० मध्ये एक प्रयोग छापून आला होता, वृद्धाश्रमातले लोक, सरासरी वय नव्वद, हो नव्वद, त्यांच्याकडून आठ आठवडे पायाचे वजनाचे व्यायाम करून घेतले, देखरेखीखाली. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसं मोजकीच होती प्रयोगात, पण तरी. तेव्हा 'आता काय उपयोग' असं म्हणायची सोय राहिलेली नाही, मी खूप शोधली.

आम्ही सकाळी फिरायला जाणारे पाच-सहा जण आहोत, त्यात मी हे वाचून दाखवलं आणि पाठोपाठ ते एका पायावर १० सेकंद उभं राहायचं पण सांगितलं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये छापलंय, ५१ ते ७५ वयाच्या सतराशेच्या वर लोकांवर, साधारण पाचातल्या एकाला जमलं नाही आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. (लगेच घाबरू नका, आधीचे आजारही त्यात असतात, तोल गेला म्हणून माणूस जात नाही.) तर आम्ही सगळे बागेत ओळीने बगळ्यासारखे उभे. एकाचा तोल गेला, त्याने शेजाऱ्याचा शर्ट धरला, शेजाऱ्याने पुढच्याचा, आणि अख्खी ओळ हिरवळीवर. कुणाला लागलं नाही पण उठायला जो वेळ लागला तो बघून दोन मुलं मदतीला धावत आली. आता आम्ही बाकाला एक हात लावूनच करतो. तुम्हीही तसंच करा.

खारूताई
आता माझी पाळी. माझी आणि माझ्या शेजारणीची भागीदारी आहे. मला लांबचं दिसतं जवळचं नाही, तिला चष्मा लावून जवळचं दिसतं पण ऐकू कमी येतं. बाहेर पडलो की पाट्या मी वाचते, पावत्या ती वाचते, अनाउन्समेंट मी ऐकते आणि तिच्या कानात परत सांगते. दोघी मिळून एक धडधाकट बाई होते.

परवा मात्र ती चष्मा विसरली, मी पण. हातात औषधाची बाटली, त्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, झाकण किती भरून घ्यायचं ते बघायचं होतं. मी हात लांब केला, अजून लांब केला, हात संपला! चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं नीट दिसायला ते फुगावं लागतं आणि ते फुगतच नाही, म्हणून आपण वस्तू लांब लांब नेतो. तर हात संपल्यावर मी बाटली तिच्या हातात दिली आणि म्हटलं मागे जा. ती एक पाऊल मागे गेली, मी म्हटलं अजून, ती अजून मागे, 'अजून थोडी', ती दाराला जाऊन टेकली. अक्षरं स्पष्ट झाली पण आता एवढी लांब की दिसेनात. शेवटी तिने मोबाईलवर फोटो काढून मोठा केला. मग फोन लॉक झाला आणि तिचं बोटच ओळखेना! त्वचा कोरडी पडते, ठशाच्या रेषा झिजतात, त्यामुळे होतं म्हणे तसं. आता तिच्या फोनमध्ये माझं बोट पण नोंदवून ठेवलंय. नवऱ्याचं नाहीये, माझं आहे :)

झोपमोड
याला म्हणतात मैत्री. बोट दिलं, फोन घेतला.

निवांत
सगळे मजेत आहेत त्यात मी मिठाचा खडा टाकतोय, पण राहवत नाही.

आमच्या ग्रुपमधला सगळ्यात विनोदी माणूस. जिना चढताना दम लागायचा त्याला, मध्येच कठड्याला टेकून म्हणायचा 'मी थकलो नाही, देखावा बघतोय'. आम्ही हसायचो. प्रत्येक मजल्यावर देखावा बघायला लागला तरी आम्ही हसतच होतो. देखाव्याला भिंतीशिवाय काही नव्हतं. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या बऱ्याच बंद झालेल्या निघाल्या. वेळेत कळलं, आज बरा आहे, तोच सगळ्यांना सांगतो हे. पण त्याला दवाखान्यात कुणी पाठवलं माहितीय? ग्रुपमधल्या कुणी नाही, त्याच्या सुनेने. तिला तो विनोद आवडत नव्हता.

म्हणून मला या 'सगळं हसण्यावारी न्या' प्रकाराची जरा भीती वाटते. विनोदी माणसाचं दुखणं लवकर कुणाला दिसत नाही.

वाकडी_वाट
@निवांत, मिठाचा खडा अजिबात नाही, बरं झालं लिहिलंत.
तुमचं वाचून मी आमच्या ग्रुपवर टाकलं आणि तासभर चर्चा झाली. त्यातून एक गोष्ट ठरली, तोच विनोद तिसऱ्यांदा आला की हसायचं नाही, सरळ विचारायचं 'दाखवलंस का?' माणूस एखाद्याच दुखण्यावर परत परत विनोद करतो तेव्हा बहुतेक तो विचारतच असतो आपल्याला.

मीच_ती
तिसऱ्यांदाचा नियम एकदम पटला. आणि काही गोष्टींना तर तीनदाची पण वाट बघू नका. डोळ्यासमोर एकदम खूप ठिपके तरंगायला लागले, लख्ख प्रकाश चमकला, बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा, डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) फाटलेला असू शकतो. माझ्या नणंदेचं तेच झालं होतं, मैत्रिणीने ओढत नेलं म्हणून डोळा वाचला. छातीत दुखणं, लघवीत रक्त, विनाकारण वजन उतरणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, बोलताना जीभ जड होणं, हे थट्टेचे विषय नाहीत. बाकी गुडघे वाजू देत, सूज नाही, दुखत नाही, तर खुशाल वाजू देत.

टिकटिक
वाजण्यावरून शेवटचं, मग गप्प बसतो. लहानपणी बोटं मोडली की घरचे म्हणायचे सांधे खराब होतील. अमेरिकेत उंगर नावाच्या एका डॉक्टरने हे पडताळायला साठ वर्षं फक्त एकाच हाताची बोटं रोज मोडली, दुसऱ्याची नाही. दोन्ही हातांना संधिवात नाही! २००९ चं इग नोबेल. एकाच माणसाचा प्रयोग आहे, फार ताणू नका, पण आईचं म्हणणं खोटं ठरवायला साठ वर्षं देणारा माणूस मला फार आवडतो.

पिंपळपान
बरेच दिवस नुसतं वाचतो, आज लिहितोय. वय ७१. तुमच्या सगळ्यांचे किस्से वाचून हसलो, पण माझी अडचण वेगळी आहे. ज्यांना हे सांगून हसायचो ते दोघंही आता नाहीत. घरी सगळे काळजी घेतात, फार चांगले आहेत. पण गुडघा वाजला असं म्हटलं की मलम आणतात. मलम नको असतं हो. कुणीतरी 'माझा तर तुझ्यापेक्षा जोरात वाजतो' म्हणणारा पाहिजे असतो.

वाकडी_वाट
पिंपळपान, माझा वाजतो. जिना उतरताना खालच्या मजल्यावर कळतं मी येतेय ते.

कानोसा
माझाही वाजत असेल, मला ऐकू येत नाही.

झोपमोड
@पिंपळपान, रात्री तीनच्या सुमाराला जागे असता का?

पिंपळपान
असतो की. रोज.

झोपमोड
बुद्धिबळ येतं?

पिंपळपान
घोडा अडीच घरं जातो एवढंच माहीत आहे.

झोपमोड
भरपूर झालं. व्यनि (खासगी निरोप) करतो. अट एकच, दिवसा चाल करायची नाही.

टिकटिक
आणि रोज सकाळी एका पायावर १० सेकंद, बाकाला धरून, मग इथे येऊन सांगायचं. आमच्यात एकाला नऊच्या पुढे जमत नाही, तुम्ही आलात तर त्याला जरा धीर येईल.

बिनधास्त
अपडेट: आईला हा धागा दाखवला. आधी चेहरा गंभीर, मग काठी आणि सापाला जे हसायला लागली ते थांबेचना. 'उड्डाण'साठी माफ केलंय. आता सोफ्यापाशी जाऊन हात देतो. तिने आयडी पण काढलाय, पासवर्ड तीनदा विसरून झाला, चौथा मी वहीत लिहून ठेवलाय.

बिनधास्तची_आई
नमस्कार. टायपिंग हळू आहे सांभाळून घ्या. मुलाने काय काय लिहिलंय ते वाचलं. मी झोके तीन घेत नाही दोन घेते. आणि कुणीतरी त्याच्या टाळूचा मागून एक फोटो काढून त्याला दाखवा, त्याला वाटतं अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी हसत नाहीये, ज्याचं त्यानेच हसायचं असं इथेच ठरलंय ना.

निवांत
स्वागत आहे ताई. आज धाग्याला खरा वारस मिळाला =))